फ्रान्सने आफ्रिकेतल्या वसाहती भांडणतंटा न करता सोडल्या, हे खरं आहे का?

नाही. अल्जेरियात 1954 ते 62 युद्ध चाललं, कॅमेरूनमध्येही रक्त सांडलं. पण गोळी न झाडता सूड कसा उगवतात हे बघायचं तर पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीकडे बघा.

सप्टेंबर 1958 मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान द गॉल यांनी सार्वमत घेतलं: फ्रान्सच्या छत्राखाली राहता की बाहेर पडता? 'नाही' म्हणणारी वसाहत एकटी गिनी, तेही 95 टक्क्यांवर मतांनी. "गुलामगिरीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातली गरिबी बरी," असं गिनीचे नेते सेकू तुरेंनी महिनाभर आधीच द गॉलना राजधानी कोनाक्रीत तोंडावर सुनावलं होतं.

2 ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला आणि फ्रेंचांनी गाशा गुंडाळला, तोही असा की कचेऱ्यांतले फोनसुद्धा उपटून नेले. फायली गेल्या, शिक्षक-डॉक्टर गेले. इतरांनी यातून काय तो बोध घ्यावा, हाच हेतू. शेजारच्या भागातल्या घानाचे नेते एन्क्रुमांनी एक कोटी पौंडांचं कर्ज देऊ केलं म्हणून थोडा धीर आला. 1960 मध्ये गिनीने स्वतःचं चलन काढलं, तर फ्रेंच हेरखात्याने बनावट नोटा छापून तिथे ओतल्या. ऐकीव गोष्ट नाही ही, त्या खात्यातल्याच वरिष्ठाने पुढे कबूल केलंय.

पण म्हणून तुरेंना डोक्यावर घेऊ नका. 1984 पर्यंत त्यांनी हुकूमशाही चालवली. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली 1977 मध्ये त्यांच्याच तुरुंगात, अन्नपाणी तोडल्याने मेले. त्याला द गॉल जबाबदार नव्हते.