परीक्षा संपताच लग्न

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीतील माझ्या एका विद्यार्थिनीला नुकतेच सोळावे लागले असून परीक्षा संपताच तिचे लग्न लावण्याची तयारी घरी चालू आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तिने मला एवढेच लिहून दाखवले : ‘बाई, मला अकरावीला जायचे आहे.’ वडील म्हणतात, हा नुसता साखरपुडा आहे. तक्रार केली तर तिला मारहाण होईल किंवा परगावी नेऊन गुपचूप लग्न उरकतील, अशी भीती वाटते. मी काय करावे?
— एक शिक्षिका

उत्तर : तुमची भीती अनाठायी नाही आणि म्हणूनच तक्रार लग्नाआधी होणे महत्त्वाचे आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा, 2006 नुसार लग्नासाठी मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षे पूर्ण असावी लागतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु बळजबरी, फसवणूक किंवा विक्रीचे प्रकार सोडले, तर एकदा लागलेला बालविवाह आपोआप रद्द होत नाही, हे फारसे कोणाला माहीत नसते. तो रद्द करून घेण्यासाठी मुलीला जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तोही वयाची 20 वर्षे पूर्ण होण्याच्या आत. सासरी नांदणारी, कदाचित कडेवर मूल असलेली मुलगी वकील कुठून गाठणार? याउलट लग्नापूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी मनाई हुकूम दिला, तर तो मोडून लावलेले लग्न, कोणत्याही गावी लावले तरी, मुळातच अवैध ठरते. असा हुकूम कोणाच्याही तक्रारीवरून मिळू शकतो.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाकडे ही जबाबदारी असते. त्यालाही त्याच गावात वावरायचे असते, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबू नका. 1098 या बालमदत क्रमांकावरही कळवा आणि आपले नाव गुप्त ठेवावे, असे स्पष्ट सांगा. लग्न दोन-चार दिवसांवर आले असेल, तर थेट 112 वर पोलिसांना कळवा.

वडिलांशी आधी बोलून पाहावे, असे मन सांगेल. माझे मत उलटे आहे, कारण त्यातून ते सावध होतील आणि तारीख अलीकडे आणतील. साखरपुड्याला कायद्याने बंदी नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण मग 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही, असे हमीपत्र अधिकाऱ्यांसमोर लिहून देण्यास त्यांची हरकत नसावी. बालविवाहाच्या धोक्यात असलेली मुलगी बाल न्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालक ठरते. त्यामुळे मारहाणीची शक्यता असल्यास तिला बालकल्याण समितीपुढे हजर करून तिच्या सुरक्षित निवासाची सोय करता येते.

लग्न लागलेच, तर नवऱ्याने तिच्याशी ठेवलेला शरीरसंबंधही गुन्हा ठरतो. पत्नी 18 वर्षांखालील असल्यास तो बलात्कारच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2017 रोजी दिला. आईवडिलांच्या संमतीने त्यात काहीही फरक पडत नाही.

वयाचा वाद निघाला, तर शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी विचारात घेतला जातो, म्हणून मुख्याध्यापकांना सांगून जनरल रजिस्टरचा उतारा आजच काढून ठेवा. वहीचे ते पान मात्र तिच्या दप्तरात राहू देऊ नका. ते घरी सापडले तर मार तिलाच बसेल. तुमच्याकडे राहिले, तर समितीपुढे तिचे म्हणणे तिच्याच अक्षरात मांडता येईल.