इंग्रजीत नामाआधी अ (a) लावू की द (the)?
नियम पाठ करत बसू नकोस, आधी स्वतःला एवढंच विचार की ऐकणाऱ्याला नेमकं कुठलं ते कळलंय का, कळलं असेल तर द नाहीतर अ. 'आय बॉट अ बुक' म्हणताना त्याला ते पुस्तक माहीतच नसतं पण पुढच्या वाक्यात लगेच 'द बुक इज टॉर्न' येतं कारण आता ओळख झाली ना. आपलं 'एक' थोडंफार तसंच, फक्त आपण ते गाळलं तरी चालतं, इंग्रजीत नाही. आणि अ की ॲन हे स्पेलिंगवरून नाही, उच्चारावरून ठरतं, म्हणून ॲन अवर पण अ युनिव्हर्सिटी, इथे चांगले चांगले लोक चुकतात. वॉटर, लाइफ असं सर्वसाधारण बोलताना काहीच लावायचं नाही.