समलिंगी की समलैंगिक?

एका वाचकाने विचारले आहे : "वर्तमानपत्रांत कधी 'समलिंगी विवाह' छापतात, कधी 'समलैंगिक विवाह'. शुद्ध कोणते? शिवाय समलिंगी असतात ती माणसे; विवाह कसा समलिंगी असेल?"

दुसरी शंका आधी निकालात काढू. आंतरजातीय विवाहात जात माणसांना असते, विवाहाला नव्हे, तरी तो शब्द कुणाला खटकत नाही. तसेच हेही. मात्र सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या जोडप्यांच्या बाजूने 'विवाह समानता' हा शब्द अधिक वापरला गेला, आणि त्याला कारण होते. त्यांना निराळ्या प्रकारचे लग्न नको होते. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात जे लग्न आहे तेच हवे होते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. शब्द मात्र वापरात राहिला आहे.

आता शुद्धाशुद्ध. 'लिंग'ला 'इक' लागून 'लैंगिक' होते, जसे दिनचे दैनिक, नीतीचे नैतिक. पण 'समलिंग' हा आख्खा शब्द घेऊन 'इक' लावला, तर नियमाने पहिल्या अक्षराची वृद्धी व्हायला हवी. १९५६ ते १९६० या काळातले मुंबई राज्य 'द्वैभाषिक' होते ते याच नियमाने. त्या हिशेबाने 'सामलिंगिक' म्हणावे लागेल, आणि ते कोणीच म्हणणार नाही. सुटका अशी की 'लैंगिक' हे तयार विशेषण घेऊन त्याला 'सम' जोडला असे मानता येते. 'असामाजिक' तसाच झाला आहे. दुसऱ्या बाजूला 'समलिंगी'वरही काटेकोर मंडळी बोट ठेवू शकतात. 'समलिंग' हा बहुव्रीही समास, म्हणजे मुळातच विशेषण, मानला तर 'ई' फुकटची, जशी 'निरपराधी'मध्ये. पण 'निरपराधी'ला वर्षानुवर्षे दटावूनही तो गेलेला नाही. थोडक्यात, दोन्ही शब्दांत खोट काढता येते आणि दोन्ही चालतात. हिंदीत 'समलैंगिक'च रूढ आहे. मराठीत त्याचा वावर वाढला तो हिंदी वाहिन्यांमुळे असावा, असा माझा अंदाज.

खरा घोळ 'लिंग' या शब्दातच आहे. आपल्याकडे तो शरीराचा अवयव सांगतो, स्त्री-पुरुष हा भेद सांगतो, व्याकरणातले पुल्लिंग-स्त्रीलिंग सांगतो. आणि कोण कुणाकडे ओढले जाते हे सांगायचे कामही आपण त्याच्याच गळ्यात मारले. 'समलिंगी'त हे निभावते. 'उभयलिंगी'त पार फसते. शाळेच्या विज्ञानात जास्वंदीचे फूल उभयलिंगी असते, म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. मग स्त्री आणि पुरुष दोघांविषयी ओढ वाटणाऱ्या माणसाला 'उभयलिंगी' म्हटले की वाचक त्याच्या शरीराचा विचार करू लागतो. तिथे 'उभयलैंगिक' निःसंशय चांगला. ओढीला 'लैंगिक कल' हा शब्द आता चांगला रुळला आहे, तेव्हा '-लैंगिक' म्हणजे कलाविषयी आणि '-लिंगी' म्हणजे शरीराविषयी, अशी वाटणी तर्काला धरून झाली असती. भाषा तर्काला विचारून चालत नाही. माणसांसाठी मराठीत 'समलिंगी' पक्का बसला आहे आणि भाववाचक नाम करताना तेच लेखक 'समलैंगिकता' लिहितात. ही सरमिसळ मला खटकत नाही. आणि 'तृतीयपंथी' हा या कुणाचाच पर्याय नव्हे. तो लिंगओळखीचा, म्हणजे माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो याचा, शब्द आहे; 'गे'चे भाषांतर म्हणून तो छापणे ही चूकच.

मूळ युरोपीय शब्दाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. 'होमोसेक्शुअल' हा डॉक्टरांनी घडवलेला शब्द असावा असे वाटते, कारण पुढे तो दवाखान्यातच वाढला. प्रत्यक्षात तो कर्टबेनी या हंगेरियन लेखकाचा. प्रशियाच्या दंडसंहितेतले १४३वे कलम पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देत असे. त्याविरुद्ध १८६९मध्ये त्याने निनावी पत्रके काढली, आणि तिथे हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. म्हणजे शब्द जन्मला हक्क मागतानाच. त्यातला 'होमो' लॅटिनमधला माणूस नव्हे, ग्रीकमधला 'होमोस', सारखा. आपला 'सम' आणि हा 'होमोस' एकाच प्राचीन मुळातून आले आहेत, त्यामुळे आपल्या शब्दाचा पूर्वार्ध भाषांतरापेक्षा भावकीतला अधिक.

नंतर डॉक्टरांनी तो निदान म्हणून वापरला आणि त्याला दवाखान्याचा वास लागला. म्हणून अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांनी 'गे' पुढे केला. सरकारी नोकरीतून काढलेला खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी याने १९६८मध्ये 'गे इज गुड' ही घोषणा दिली. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. तरी न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या बातम्यांत 'गे' हा शब्द मोकळा केला तो १९८७मध्ये.

मराठी 'समलिंगी'ला असा वास लागलेला नाही, हे त्याचे बलस्थान. पण इथल्या लोकांनी स्वतःची नावे ठेवताना 'लिंग' हा शब्दच टाळला, हे मला फार बोलके वाटते. मुंबईत अशोक राव कवींनी १९९०मध्ये नियतकालिक काढले त्याचे नाव 'बॉम्बे दोस्त'. १९९४मध्ये संस्था झाली ती 'हमसफर'. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये स्थापलेली 'समपथिक'. 'हमसफर' फारसी वळणाचा, 'समपथिक' संस्कृत, अर्थ जवळपास एकच : सोबत चालणारा. त्यातही 'समपथिक'मधला 'सम' किती हुशारीने ठेवलाय! कळणाऱ्याला कळावे, पाटी वाचणाऱ्या शेजाऱ्याला कळू नये. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे दंडसंहितेचे ३७७ कलम डोक्यावर असताना ही सोय कामाची होती.

स्त्रियांचे काय? 'समलिंगी' मराठीत दोघांनाही चालतो, 'समलिंगिनी' वगैरे कुणी करत नाही. पण नुसता वाचला की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. मुंबईतल्या स्त्रियांनी १९९५मध्ये 'स्त्री संगम' हा वेगळा गट केला, त्याच्या नावात म्हणूनच 'स्त्री' आधी आहे. डिसेंबर १९९८मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या 'फायर' चित्रपटाचे खेळ बंद पाडले गेले, असले काही आपल्याकडे नसतेच असे सांगितले गेले, तेव्हा दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहाबाहेर निदर्शनांत फलक होता 'इंडियन अँड लेस्बियन'. तेव्हा मराठी लिहिताना 'लेस्बियन' किंवा 'समलिंगी स्त्री' स्पष्ट लिहावे. मोघम 'समलिंगी'त बाई हरवते.

जाता जाता, न विचारलेल्या एका शब्दाबद्दल. '३७७'चा मथळा होता 'अनैसर्गिक अपराध'. २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम बाजूला सारले, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. तरी एखाद्या मुलावर बलात्कार झाला की आपल्या बातम्यांत अजून 'अनैसर्गिक अत्याचार' छापून येते. याने दोन घोटाळे होतात : समलिंगी प्रेम आणि बलात्कार एकाच विशेषणाखाली जातात, आणि उरलेला अत्याचार जणू नैसर्गिक ठरतो. मुलांच्या संरक्षणाचा २०१२चा कायदा मुलगा-मुलगी असा भेद न करता 'लैंगिक' हेच विशेषण वापरतो. बातमीदारांनीही 'लैंगिक अत्याचार' लिहावे, तेवढ्याने भागते.