बारक्या ताऱ्याचं वय कसं ओळखायचं?

प्रश्न: गड्ड्याच्या जत्रेतून आलो की मी रात्री गच्चीवर जातो, रोहिणी-कृत्तिका ओळखता येतात. वृषभेतल्या ढगांत नवे तारे जन्मतात असं वाचलं, पण बारके तारे सगळे सारखेच लाल ठिपके, मग त्यात पोरगं कोण आणि म्हातारा कोण हे कळतं कसं?
- एक वाचक, सोलापूर

उत्तर: लई मुद्द्याचं विचारलात! आपली कोरी चादर हातात घ्या, खळीचा कडकपणा लगेच लागतो आणि दोन-चार धुण्यात तो जातो. बारक्या ताऱ्यातलं लिथियम तसंच असतं बघा. ढगातून जन्मताना ते थोडंसं बरोबर येतं, पण अशा ताऱ्यात आतला वायू आधणासारखा सतत वर-खाली होत असतो, त्यामुळे वरचं लिथियमही खोल जातं आणि तिथं तापमान 25 लाख अंशांच्या आसपास पोचलं की जळतं, काही कोटी वर्षांत साफ. म्हणून वर्णपटात, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगारंगांत फोडून बघताना, 670.8 नॅनोमीटरला लिथियमची काळी रेघ ठसठशीत दिसली की तारा अजून कोरा आहे असं समजायचं.

पण हजारो ठिपक्यांतून आधी संशयित निवडायला लागतात. 1945 मध्ये माउंट विल्सन वेधशाळेच्या आल्फ्रेड जॉय यांनी काळ्या ढगांजवळचे 11 तारे एका गटात घातले, प्रकाश कमीजास्त होणारे आणि वर्णपटात चमकत्या रेघा असलेले. गटाला नाव मिळालं वृषभेतल्या टी टॉरी ताऱ्यावरून. यांच्याभोवती वायू-धुळीची तबकडी असते, तिच्यातला माल ताऱ्यावर पडतो तेव्हा हायड्रोजनची लाल रेघ पेटते, आणि तापलेल्या धुळीमुळे तारा इन्फ्रारेडमध्ये जास्त उजळ दिसतो. तबकडी संपलेली पोरं मात्र इथं निसटतात, ती एक्स-रेमध्ये सापडतात.

खरी फसगत पुढंच आहे. आपल्या जवळचे वयस्कर लाल तारेसुद्धा एक्स-रे फेकतात, त्यांनाही हायड्रोजनची रेघ असते. म्हणून मी म्हणतो लिथियम बघितल्याशिवाय नाव पक्कं करू नये. सोबत ताऱ्यांची अंतरं आणि चाल मोजणाऱ्या गाया यानाची मोजमापं लावायची, म्हणजे तारा वृषभेतल्या ढगाइतकाच, साधारण 450 प्रकाशवर्षं लांब आहे का आणि ढगाच्याच चालीनं सरकतोय का.

टी टॉरी रोहिणी आणि कृत्तिकांच्या मधे, रोहिणीकडे जास्त, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास तो भाग जवळपास डोक्यावर येतो, शहराच्या उजेडापासून लांब जाऊन चांगल्या दुर्बिणीतून नक्की शोधा.