सुपर बोलचे यजमानपद कोणाला, आणि कोणत्या अटींवर?

प्रश्न : माझी मुलगी मिनियापोलिस येथे राहते. २०१८ साली कडाक्याच्या थंडीत तिथे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, झाला. अंतिम फेरीतील एखाद्या संघाच्या मैदानाऐवजी तिसरेच शहर आधी का ठरवतात? ते कोण ठरवते आणि त्या शहराला खरोखर लाभ होतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : निर्णय नॅशनल फुटबॉल लीगच्या ३२ संघांच्या मालकांच्या बैठकीत मतदानाने होतो. पूर्वी इच्छुक शहरे चढाओढीने प्रस्ताव मांडत. २०१८ पासून मात्र लीगच एक शहर हेरते, त्याच्याशी बोलणी करून प्रस्ताव तयार करवून घेते आणि मग तो मालकांपुढे मंजुरीसाठी ठेवते. उपांत्य सामने आणि सुपर बोल यांत साधारण दोनच आठवडे असतात. एवढ्या अवधीत हजारो खोल्या, बंदोबस्त आणि वाहतूक यांची सोय लावणे कोणत्याही शहराला अशक्य असल्याने यजमान काही वर्षे आधी ठरतो. त्यामुळे २०२१ साली टँपा बेचा संघ घरच्या मैदानावर उतरेपर्यंत एकाही संघाला तसा योग आला नव्हता. आपल्या मुलीच्या शहराचा वायकिंग्ज संघ २०१८ मध्ये अवघ्या एका विजयाने त्याला मुकला.

हवामानाविषयी लीगचा जुना दंडक असा, की जिथे त्या दिवसांत सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते तिथे स्टेडियम छप्पर असलेलेच हवे. मायामी परिसर आणि न्यू ऑर्लीन्स यांना प्रत्येकी ११ वेळा मान मिळाला, यामागे उबदार हवा आणि पाहुण्यांची सवय ही दोन्ही कारणे आहेत. उघड्या मैदानाचा ठळक अपवाद २०१४ चा न्यू जर्सीतील सामना. त्या दिवशी निभावले, पण दुसऱ्याच दिवशी तिथे हिमवादळ आले.

मिनियापोलिसने २०१४ साली न्यू ऑर्लीन्सला मागे टाकून मान मिळवला तो उभ्या राहत असलेल्या नव्या, छप्पर असलेल्या स्टेडियमच्या बळावर, आणि त्या स्टेडियमसाठी सुमारे ५० कोटी डॉलर सार्वजनिक तिजोरीतून आले होते. त्याच वर्षी लीगच्या अपेक्षांचा दीडशेहून अधिक पानांचा दस्तऐवज स्थानिक वृत्तपत्राने उजेडात आणला. तिकिटांचे सर्व उत्पन्न लीगला मिळावे, ३५ हजार गाड्यांसाठी विनामूल्य जागा असावी, संघमालकांसोबत पोलिसांचा ताफा असावा आणि करांत सूट मिळावी, अशा मागण्या त्यात होत्या. त्या सगळ्याच जशाच्या तशा मान्य झाल्या असे नव्हे. तरीही ज्यांच्या करातून खर्च व्हायचा त्या नागरिकांना त्या वृत्तपत्रातून कळाव्यात, हे मला गैर वाटते. अशा अटी मतदानाआधी जाहीर व्हायलाच हव्यात.

लाभाचे म्हणाल, तर यजमान समित्या मोठमोठे आकडे देतात. पण व्हिक्टर मॅथेसन आणि रॉबर्ट बाडे या अर्थशास्त्रज्ञांना अभ्यासात प्रत्यक्ष लाभ त्या मानाने फारच थोडा आढळला. गर्दी आणि महागाई टाळण्यासाठी नेहमीचे पर्यटक त्या आठवड्यात येत नाहीत, आणि हॉटेलांच्या वाढीव भाड्यातील नफा बहुधा शहराबाहेरच्या मालक कंपन्यांकडे जातो. हिवाळ्यात एरवी पाहुणे कमी असणाऱ्या मिनियापोलिससारख्या शहराला पहिल्या कारणाची झळ कमी बसते, एवढे मात्र मान्य करायला हवे.

प्रश्न : २०१६ साली दुष्काळामुळे, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, आयपीएलचा अंतिम सामना मुंबईहून बंगळुरूला गेला. सुपर बोलचे यजमानपद असे कधी काढून घेतले गेले आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होय, मात्र तिथे कारण राजकीय होते आणि निर्णय न्यायालयाचा नसून लीगचा होता. १९९३ चा सामना ॲरिझोनातील टेंपी शहराला दिलेला असताना, १९९० च्या नोव्हेंबरमध्ये त्या राज्याच्या मतदारांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुटी नाकारली. त्यावर लीगने १९९१ मध्ये तो सामना कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाला हलवला. पुढे १९९२ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी सुटीला मंजुरी दिली आणि १९९६ चा सुपर बोल टेंपीत खेळला गेला.