आमदार-नगरसेवकांनी भत्त्यांचा गैरवापर केला तर सामान्य मुंबईकर काय करू शकतो?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमध्ये भत्त्यांत घोटाळे करणारे खासदार तुरुंगात गेले, मग आपल्याकडे कुणाचं काहीच का होत नाही आणि गिरगावात राहणाऱ्या साध्या माणसाने करायचं तरी काय. माझी सगळी नोकरी सरकारी लेखा शाखेत देयकं (बिलं) तपासण्यात गेली, त्यामुळे उत्तर जरा कारकुनी होणार.

आधी कडू भाग. ज्याला आपण गैरवापर म्हणतो त्यातला बराचसा कायद्याच्या लेखी गैरवापर नसतोच. खासदाराला मतदारसंघ भत्ता म्हणून दरमहा 87,000 रुपये मिळतात (मार्च 2025 ची अधिसूचना, लागू मात्र एप्रिल 2023 पासून). रक्कम ठोक, पावती जोडायची नाही. त्यातून कार्यकर्त्यांना चहा पाजला की पोराच्या गाडीचा हप्ता भरला, हे विचारायला लेखापालाच्या हातात कागदच नसतो. आमदारांच्या टेलिफोन, टपाल-स्टेशनरीच्या रकमाही अशाच ठरावीक. हे आकडे ठरवणारेही तेच. 2016 साली आपल्या विधिमंडळाने आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर केलं. दुष्काळावर एवढं एकमत कधी झालेलं मला आठवत नाही.

पकडता येतं ते देयक. जिथे पैसे घेण्यासाठी काहीतरी कागद जोडावा लागतो किंवा 'प्रमाणित करण्यात येते की' असं लिहून सही करावी लागते, तिथेच माणूस अडकतो. प्रवास, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती, अभ्यास दौरा, बैठकीचा दैनिक भत्ता ही ती ठिकाणं.

ब्रिटनचंच बघा. 2009 मध्ये जगभर थट्टा झाली ती तळ्यातल्या बदकांसाठी बांधलेल्या घराच्या 1,645 पौंडांच्या दाव्याची. ते पैसे मंजूरही झाले नव्हते आणि तो दावा करणारा खासदार तुरुंगात गेला नाही. जानेवारी 2011 मध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली डेव्हिड चेटर यांना, कारण त्यांनी स्वतःच्याच मालकीच्या फ्लॅटचं भाडं खोटा भाडेकरार जोडून उकळलं होतं. उधळपट्टीने खासदारकी जाते, खोट्या कागदाने तुरुंग मिळतो.

आणि 'आपल्याकडे कुणाचं काही होत नाही' हेही पूर्ण खरं नाही. राज्यसभेचे माजी खासदार अनिल कुमार साहनी यांनी न केलेल्या विमानप्रवासाची बनावट तिकिटं आणि बोर्डिंग पास जोडून 23.71 लाख रुपयांचा दावा केला. सीबीआयने 2013 मध्ये गुन्हा नोंदवला, 2022 मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. तोवर ते बिहारमध्ये आमदार झाले होते, ती आमदारकी गेली. नऊ वर्षं लागली, हे खरंच.

आता तुम्ही काय करायचं. आमदाराला पत्र लिहू नका, पैसे अदा करणाऱ्या कार्यालयाला लिहा. आमदारासाठी विधिमंडळ सचिवालयाचा जन माहिती अधिकारी, नगरसेवकासाठी महापालिका चिटणीसांचा विभाग. (मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळातलं मागाल तर कोरं उत्तर येईल.) महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत. म्हणून 'गैरव्यवहाराची माहिती द्या' यात शब्द घालवू नका. 'अमुक सदस्याला अमुक महिन्यात अदा झालेल्या प्रवास भत्त्याच्या देयकाची, प्रमाणक क्रमांक व दिनांकासह, सोबतच्या कागदांची छायांकित प्रत' एवढंच मागा (प्रमाणक म्हणजे व्हाउचर). 'का' असं विचारलंत की माहिती अधिकाऱ्याला पळवाट मिळाली.

खरी गंमत दुसऱ्या कागदात असते. एकाच तारखेचे दोन कागद दोन कार्यालयांतून मागवा आणि शेजारी ठेवा. समितीच्या बैठकीचा हजेरीपट आणि त्याच दिवशीचं प्रवास देयक. अभ्यास दौऱ्याचा मंजूर कार्यक्रम आणि हॉटेलचं बिल. सरकारी गाडी असेल तर तिचं लॉगबुक. माणूस एकाच वेळी नागपुरात आणि मुंबईत असल्याचं कागदावर मी पाहिलेलं आहे. आम्ही आक्षेप काढून देयक परत पाठवायचो आणि ते दुरुस्त होऊन पुन्हा यायचं. नरिमन पॉइंटचं मनोरा आमदार निवास रिकामं केल्यावर तिथल्या आमदारांना भाड्यापोटी महिन्याला एक लाख रुपये दिले गेले. त्यासाठी भाडेकरार जोडून घेतले का, हा विचारण्याजोगा प्रश्न.

आमदार निधी यात मिसळू नका. तो भत्ता नव्हे, आमदाराच्या खात्यात जात नाही. त्याची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांकडे.

दोन कागद जुळत नाहीत असं दिसलं तर ते जोडून वरळीच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे लेखी तक्रार द्या. 1064 वर फोन करता येतो, पण कागदाशिवायच्या फोनमधून फारसं निघत नाही. महालेखापालांनाही प्रत पाठवा, तपासणीच्या वेळी त्यांना धागा मिळतो. कुणी म्हणेल आमदार लोकसेवक नाही, म्हणून भ्रष्टाचाराचा कायदा त्याला लागू नाही. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रकरणात 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दंड संहितेपुरतं तसं म्हटलं होतं, पण 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात व्याख्या रुंदावली आणि 1998 मध्ये न्यायालयानेच खासदार-आमदार त्यात येतात असं ठरवलं.

हल्ली अर्ज फेटाळताना 'वैयक्तिक माहिती' हे कारण जास्त येईल, कारण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीबाबतचं कलम 8(1)(ञ) आणखी आवळलं आहे. कलम 8(2) मात्र शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. पहिल्या अपिलात नेमकं त्याच कलमावर बोट ठेवा. मुदत तीस दिवस, स्टॅम्प वीस रुपयांचा. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, तिथे बराच काळ जातो. म्हणून पहिल्याच अपिलात एक ओळ घाला की निकाल लागेपर्यंत संबंधित प्रमाणकं नष्ट करू नयेत, आणि त्यावर आवक शिक्का मारून घ्या.