वाढ्यांचे पैसे

अगं,

तुझी ऊसतोडीवरची कथा परवा रात्री वाचली, काल परत वाचली, आणि व्हॉट्सअॅपवर उत्तर लिहायला घेतलं तर ते लांबतच चाललं म्हणून आता नीट पत्रच लिहितेय. मोबाइलवरच टाइप करतेय तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नकोस, आयुष्यभर तुमचं काढलं तेवढं पुरे.

आधी चांगलं सांगते. तू तीन दिवस उसाच्या फडावर राहिलीस, मजुरांच्या कोपीत, त्या झोपडीत झोपलीस, हे कुणी सांगितलं म्हणून नाही केलंस. आणि ते कोपीच्या दारात बसून ऊस चोखणारं लेकरू, त्याच्या हनुवटीवर बसलेल्या माश्या आणि त्यांना हाकलायचासुद्धा कंटाळा आलेला त्याचा हात, ती दोन वाक्यं मला तुझ्यासारखी लिहिता आली नसती. खरं सांगतेय.

पण तुझी ती ऊसतोडीची बाई सहा पानांत चार वेळा रडते. मी मोजलं. "डोळ्यांत वेदनेचा समुद्र" दोनदा आलाय. आणि तिचं काम? ते एका ओळीत, "दिवसभर राबून थकलेली ती". राबून म्हणजे काय गं? तू तर बघून आलीस ना. पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या, मग फडात जायचं, नवरा ऊस तोडणार, ही पाचट बाजूला करून मोळ्या बांधणार, आणि मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणार, फळी वाकते, खाली बघायचं नाही, वर गेल्यावर मोळी टाकायची आणि परत खाली. हे तू पाहिलंस आणि लिहिलं नाहीस, कारण तुला वाटलं वाचणाऱ्याला दुःख दिसलं पाहिजे. अगं, ती फळीच दाखव की, दुःखाचं वाचणारा बघून घेईल.

आणि एक शब्द तुझ्या हातातून कसा निसटला कळत नाही. कोयता. मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्या माणसाच्या, हिशोबात नवरा-बायको मिळून "एक कोयता", उचल म्हणजे आगाऊ रक्कम त्या कोयत्यावर, आणि ती बहुतेक वेळा नवऱ्याच्याच हातात. म्हणजे बाई माणूस म्हणून हिशोबातच नाही, अवजाराचा अर्धा भाग आहे. आजारी पडली, कामावर आली नाही तर खाडा, पैसे कापले. 2019 मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भाशय काढायच्या ऑपरेशन्सची बातमी गाजली होती, तेव्हा पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही हेही एक कारण त्या बायकांनीच सांगितलं होतं. आता सांग, "कोयता" या एका शब्दापुढे तुझा तो समुद्र कुठे उभा राहतो?

तू अण्णा भाऊ साठेंची "स्मशानातील सोनं" वाचलीयेस की नाही आठवत नाही, नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ती वाच. वाचली असलीस तरी परत वाच. भीमा वारणेच्या खोऱ्यातला धट्टाकट्टा गडी, मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग हा मसणवट्यातली राख चाळून जळलेल्या प्रेतांच्या अंगावरचं सोनं शोधायला लागतो, पुढे पुरलेली मढीसुद्धा उकरतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो एक मढं बाहेर काढतो, त्याच्या तोंडात बोटं घालतो आणि बोटं जबड्यात अडकतात. शेवटी दोन बोटं डॉक्टरला कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण परत सुरू झाली! भीमा तिथे लहान पोरासारखा रडतो. अख्ख्या गोष्टीत मला आठवतंय ते हे एवढंच रडणं, आणि तेही कशासाठी, तर दगड फोडणारा हात गेला म्हणून. अण्णा भाऊ कुठेही म्हणत नाहीत की बघा किती अन्याय. खाण कुणी बंद केली, का केली, यावर भाषण नाही. पण पुस्तक मिटल्यावर आपल्याला भीमाचा राग येत नाही, खाण बंद होते तेव्हा माणसाचं काय होतं हा विचार सोडत नाही. आणि मढी उकरणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे बघून आपण नाक मुरडू, त्याच्या हातातली ताकद त्यांनी आधी दाखवून ठेवलेली असते, म्हणून ती बोटं आपल्याला आपली वाटतात. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस हा, आणि आपण बीए एमए करून समुद्र लिहितो.

हे फार जुनं आहे बरं का. 1855 मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं, वय साधारण चौदा, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ज्ञानोदयमध्ये छापून आला. त्यात बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्पर नसतं, थंडी-पाऊस-वारा अंगावर घेत त्या बाळंत होतात, असं आहे. चौदा वर्षांच्या पोरीला कळत होतं की छपराबद्दल लिहायचं.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तुझी बाई फार चांगली आहे. म्हणजे सोसते, गप्प बसते, कुणाचं वाईट चिंतत नाही, देव्हाऱ्यात ठेवावी अशी. खरी बाई अशी नसते गं, आणि तू तिला अशी केलीस की तिच्यावर अजून एक अन्याय होतो, तोही तुझ्याकडून. बेबीताई कांबळ्यांचं आत्मचरित्र "जिणं आमुचं" बघ. महारवाड्यावर बाहेरून काय काय लादलं होतं ते तर त्या सांगतातच, पण आतल्या सासवा सुनांना कशा छळत, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा कसा घालत, तेही त्या तितक्याच सरळ सांगतात. आपल्या माणसांबद्दल हे लिहायला छाती लागते. फलटणला दुकान चालवता चालवता त्यांनी हे लिहिलं आणि वर्षानुवर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलं, पुस्तक आलं 1986 ला. आपली सून, आपली सासू, आपला नवरा, सगळ्यांसकट लिहिलं आणि तरी वाचताना वाटतं की या बाईला त्या सगळ्यांची माया आहे. तुझ्या बाईलाही जरा भांडू दे. शेजारच्या कोपीतल्या बाईचं सरपण चोरू दे. मुकादमाची नक्कल करून चार बायकांना हसवू दे. तू तिथे तीन दिवस होतीस, त्या एकदाही हसल्या नाहीत हे मी मानणार नाही.

आता माझी फजिती ऐक, कुणाला सांगू नकोस. मी बावीस-तेवीसची असताना आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या मावशींवर कविता लिहिली होती, कॉलेजच्या कार्यक्रमात वाचली, टाळ्या पडल्या, एक सर तर रुमाल काढून बसले. कवितेत मावशी उपाशी, मावशीचे हात राखेनं सोललेले, मावशी आमच्या उंबऱ्यावर बसून आसवं गाळतात वगैरे. माझ्या धाकट्या भावानं ती घरी सगळ्यांपुढे वाचून दाखवली, नेमक्या त्या मोरीत होत्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताट पुसता पुसता म्हणाल्या, "म्या कवा रडले गं तुमच्या दारात?" मी गप्प. मग म्हणाल्या, "पगार वाढवा म्हून चारदा भांडले, त्ये न्हाई लिवलं." आईनं त्या महिन्यात पगार वाढवला का नाही ते आता आठवत नाही, बहुतेक नाही. ती कविता मी फाडली. पण फाडताना मला त्यांचं वाईट वाटत नव्हतं, माझं हसं झालं याचं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

कीव करायला काही लागत नाही, ती लोकलमध्ये उभ्या उभ्यासुद्धा होते. समोरच्याला विचारायला जावं लागतं. 1972 ला नामदेव ढसाळांचा "गोलपिठा" हा कवितासंग्रह आला त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, ती मिळव. तेंडुलकर तेव्हा केवढं मोठं नाव, पण ते ढसाळांबरोबर कामाठीपुऱ्यात फिरले, आणि कवितेतल्या कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना विचारावे लागले ते त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय. मला ते फार आवडतं. मला हे कळत नाही असं छापून सांगणारा लेखक.

राग कुणावर काढायचा हे तू विचारलं होतंस. तुझा मुकादम सिनेमातल्या व्हिलनसारखा झालाय हे तुलाही कळलंय वाटतं. बाबूराव बागुलांच्या "जेव्हा मी जात चोरली होती" मधल्या माणसाला जात कळल्यावर बेदम मारतात, आणि तो शेवटी म्हणतो काय, तर मारणारे हे नव्हेतच, मारलं ते मनूनं. एवढंच सांगते, जास्त समजावत नाही, तू हुशार आहेस. तुझ्या मुकादमानेही कुणाकडून तरी उचल घेतलेली असणार ना?

बरं, आता एक काम. तुझ्या कथेत वाढे कुठेच नाहीत. तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, त्यांच्या पेंढ्या बांधून गावातल्या म्हशीवाल्यांना विकतात, रोख पैसा येतो तो तेवढाच. ती बाई वाढे विकते का? पेंढी कितीला जाते? आणि ते पैसे नवऱ्याकडे जातात का तिच्या पदराच्या गाठीत राहतात, आणि गाठीत राहत असतील तर त्यातून ती पहिलं काय घेते? तिचा नंबर घेतला होतास ना, मग फोन कर, पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत कर म्हणजे ती तिथेच असेल. रात्री जरा उशिरा कर, संध्याकाळी गाडी भरायची असते.

उत्तर आलं की मला कळव. ड्राफ्ट नंतर पाठव.

तुझी,
ताई